तान्हूबाई म्हशीचे शंभर तास

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं आणि त्या तळ्यात एक म्हैस बसलेली असायची. गोष्टीत आधी सिंह यायला हवा, हे मला माहीत आहे. आपल्याही गोष्टीत सिंह आहे. पण त्याला जरा थांबू दे. त्याला थांबायची सवय नाही, ती लागलेली बरी.

म्हशीचं नाव तान्हूबाई. वय विचारू नका. तिला एकच काम छान यायचं, आणि ते काम आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ती ऐकायची.

सकाळी ससा यायचा. काठावर बसून म्हणायचा, "मावशी, मला फार भीती वाटते."

"कशाची रं?" तान्हूबाई विचारायची.

मग ससा सांगायला लागायचा. पानाची, सावलीची, मागच्या आठवड्यात झुडपात वाजलेल्या कशाची तरी. तान्हूबाई रवंथ करत राहायची. मधूनच "मग?" म्हणायची. मधूनच कान हलवायची. वीसेक मिनिटांनी ससा गप्प व्हायचा, नाक पुसायचा आणि म्हणायचा, "बरं वाटलं. जातो आता, गवत खायचंय."

"जा. आन् नीट चावून खा."

दुपारी साळिंदर यायचं. त्याचं दुःख वेगळं होतं. अंगभर काटे असल्यामुळे त्याच्याजवळ कुणी बसायचं नाही. लहानपणी आईसुद्धा जरा लांबूनच लाड करायची म्हणे. ते येऊन तान्हूबाईच्या पाठीला टेकायचं. म्हशीची कातडी जाड असते. तिला ते काटे खाजवल्यासारखे वाटायचे. ती डोळे मिटून म्हणायची, "वाईच वर. हां, तितंच." साळिंदर फारसं बोलायचंही नाही. टेकायचं, सुस्कारा टाकायचं आणि जायचं.

असं सगळं बिनबोभाट चाललं होतं. आता सिंहाला आत घ्यायला हरकत नाही.

सिंह नदीपलीकडच्या जंगलात राजांच्या परिषदेला गेला होता. तिथला वाघ जेवताना सहज म्हणाला, "आमच्याकडे चारशे प्रशिक्षित समुपदेशक आहेत. तुमच्याकडे?"

सिंहानं जरा विचार केला. "आमच्याकडे एक म्हैस आहे," तो म्हणाला.

सगळे राजे हसले. एकाला तर पाणी पिता पिता ठसका लागला.

सिंह तोंड पाडून परत आला. त्यानं तळ्यावर जाऊन हे सगळं तान्हूबाईला सांगितलं असतं, तर वीस मिनिटांत विषय मिटला असता. पण राजे लोक असं करत नाहीत. त्यानं विद्यापीठ काढलं.

अरण्य मनोविद्यापीठ. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पाटी मोठी, इमारत व्हायची होती, म्हणून वर्ग वडाखाली. आणि पाठोपाठ फर्मान निघालं: पदवीशिवाय कुणीही कुणाचं दुःख ऐकू नये. चुकून कानावर पडलंच, तर ऐकणाऱ्यानं ताबडतोब दुसरीकडे बघावं.

माकड फर्मान घेऊन तळ्यावर आलं. तान्हूबाईनं ते नीट ऐकून घेतलं. ऐकणं तिच्या अंगवळणीच पडलेलं होतं.

"म्हंजे म्या काय करायचं?" तिनं विचारलं.

"तळ्यात बसायला बंदी नाही," माकड म्हणालं. "फक्त कान पाण्याखाली ठेवायचे."

तिनं तेही करून पाहिलं. तीन दिवस ती कान बुडवून बसली. ससा आला, त्याचे ओठ हलले, तिला नुसते बुडबुडे ऐकू आले. चौथ्या दिवशी साळिंदर आलं. माकडानं त्याला काठावरूनच हटकलं. साळिंदर जरा वेळ उभं राहिलं आणि आल्या वाटेनं परत गेलं. तान्हूबाईचे कान पाण्यात होते, पण डोळे वर होते ना.

ती तशीच उठली आणि पाणी निथळत वडाखाली जाऊन उभी राहिली.

"मला ती तुमची पदवी पायजे," ती म्हणाली.

"तुम्हाला समुपदेशक का व्हावंसं वाटतं?" प्रवेश समितीनं विचारलं. बाकीच्या उमेदवारांनी या प्रश्नावर पाऊण पाऊण तास भाषण केलं होतं.

"मला माझं तळं परत पायजे. आन् त्या साळिंदराला टेकाया जागा."

समितीनं लिहिलं: ध्येय अस्पष्ट. पण दहा जागा होत्या आणि तिच्याखेरीज अर्ज नऊच आले होते, म्हणून तिला घेतलं.

विद्यापीठाच्या सर्वेसर्वा होत्या कासवमॅडम. फार शिकलेल्या. पाठीवर शिक्षणाचं ओझं स्पष्ट दिसायचं. त्यांची एकच सवय होती. अवघड प्रश्न आला, की त्या मान आत घ्यायच्या, आणि प्रश्न विचारणारा कंटाळून गेला की बाहेर काढायच्या.

वर्गात सगळ्यात हुशार विद्यार्थी शुभ्रकांत बगळा. एका पायावर उभा राहायचा, डोळे अर्धवट मिटायचा, मान जराशी कलती ठेवायचा. त्याच्याकडे बघितलं की वाटावं, याच्याइतकं कुणी ऐकतच नसेल. कासवमॅडम त्याला पुढे उभं करून म्हणायच्या, "बघा, याला म्हणतात लक्ष देणं." तो त्या वेळी माशांचा विचार करत असायचा, पण हे आपल्याला नंतर कळतं. आत्ता विसरून जा.

पहिल्या वर्षी पुष्कळ काही शिकवलं. समोरच्याचे शेवटचे दोन शब्द त्यालाच परत म्हणून दाखवायचे, हे शिकवलं. किती वेळानं मान हलवायची, ते शिकवलं. व्यावसायिक अंतर शिकवलं. ते बारा हात असतं. एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "एकाच विचाराचा सारखा रवंथ करत राहणं हे आजाराचं लक्षण आहे." सगळ्या वर्गानं वळून तान्हूबाईकडे पाहिलं. तिनं तोंडातला घास घाईनं गिळला.

लेखी परीक्षेत प्रश्न आला, "समानुभूती म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा." तान्हूबाईनं लिहिलं, "ठाऊक न्हाई." काठावर पास झाली. बगळ्यानं अकरा पुरवण्या लावल्या.

खरी गंमत दुसऱ्या वर्षी आली. मागे कोण कुजबुजतंय? ऐका, परत सांगणार नाही.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं खऱ्याखुऱ्या क्लायंटबरोबर शंभर तास भरायचे होते. तास पन्नास मिनिटांचा. का, ते मला विचारू नका. मॅडमना विचारलंत तर त्या मान आत घेतील. आणि नियम असा की पन्नास मिनिटं पुरी झाली तरच मॅडम वहीत सही करणार. क्लायंट आधी उठला, तर तो तास बाद.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. नाही आलं? बरं.

चिठ्ठ्या टाकून क्लायंट वाटले. ससा तान्हूबाईकडे आला, साळिंदर बगळ्याकडे गेलं. तान्हूबाईनं मॅडमना विनवून पाहिलं, "ते साळिंदर मला द्या की." मॅडम म्हणाल्या, "आवडीनिवडी ठेवायच्या नाहीत. आणि टेकू देणं वगैरे तर अजिबात नाही. स्पर्श वर्ज्य आहे."

ससा आला, बसला, रडला, वीस मिनिटांनी उठला. "बरं वाटलं मावशी, जातो." तास बाद.

रानडुक्कर आलं. बायकोवर चिडलं होतं. पंधरा मिनिटं फुरफुरलं आणि सोळाव्या मिनिटाला म्हणालं, "तशी चूक माझीच आहे म्हणा," आणि घरी गेलं. तास बाद.

खार आली. तिनं कुठेतरी पुरून ठेवलेल्या बिया तिला सापडत नव्हत्या. बोलता बोलता तिला जागा आठवली. ती निरोपही न घेता पळाली. सहा मिनिटं.

दिवाळी आली, गेली. तान्हूबाईच्या वहीत एकही सही नव्हती.

तिकडे बगळ्याचे तास भराभर भरत होते. साळिंदर रोज यायचं. बगळा बारा हातांवर, एका पायावर, डोळे मिटून उभा.

"माझ्याजवळ कुणी बसत नाही," साळिंदर म्हणायचं.

"कुणी बसत नाही," बगळा म्हणायचा.

"सगळे लांबूनच बोलतात."

"लांबूनच बोलतात," बगळा लांबून म्हणायचा.

पन्नास मिनिटं अगदी बिनचूक. साळिंदर जाताना आणखी वाकलेलं असायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. बगळ्याचे शंभर तास होळीच्या आतच झाले आणि तो थांबलाही नाही. वर्गात तो "माझं साळिंदर" असं म्हणायचा, जसं कुणी माझं पुस्तक म्हणतं.

कासवमॅडमनी तान्हूबाईला बोलावलं. ओरडल्या नाहीत. मॅडम वाईट नव्हत्या, मुलांनो. त्यांना नियम माहीत होते आणि त्या नियमांनीच त्या इथवर आल्या होत्या, इतकंच.

"तान्हूबाई, तुमचे क्लायंट टिकत नाहीत."

"बरं वाटतं त्यास्नी. मग जातात."

"हाच प्रॉब्लेम आहे. बरं वाटू द्या, पण पन्नासाव्या मिनिटाला. रडून झालं की लगेच उठू देऊ नका. बालपणात न्या. तिथे वेळ चांगला जातो."

दुसऱ्या दिवशी ससा आला. वीस मिनिटांनी उठायला लागला.

"बस की वाईच," तान्हूबाई म्हणाली. "अजून तीस मिन्टं हायेत."

"पण मला बरं वाटलंय."

"ऱ्हाऊ दे. ल्हानपणचं सांग. तवा कसली भीती वाटायची?"

सशानं आठवून पाहिलं. आधी काही आठवेना. मग एक आठवलं. मग दुसरं. त्या दोन्हींच्या मधलं तिसरंही आठवलं, जे तो साफ विसरून गेला होता. पन्नास मिनिटं भरली. मॅडमनी सही केली आणि पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी ससा आला तेव्हा त्याच्याकडे सात नव्या भीत्या होत्या. डोळे लाल. गवताचं नावही काढलं नाही.

तान्हूबाई त्याच्याकडे बघत राहिली. तोंडातला घास तोंडातच राहिला. मुलांनो, म्हशीचा रवंथ थांबला की समजावं, आत काहीतरी मोठं घडलंय. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की परत जाऊन कान पाण्यात बुडवावेत असं झालं. त्या दिवशी ससा दोन तास बोलला आणि तिनं घड्याळाकडे बघितलं नाही. शेवटी तो म्हणाला, "मावशी, भूक लागली." मग ती उठली.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन मॅडमकडे गेली.

"ती सही खोडा."

"अहो, एकच तर आहे तुमची."

"खोडा तुमी. त्यो तास माजा न्हाई, त्यो त्या सशाकडनं चोरलेला हाय. कालचे दोन तास बी धरू नका. ती परतफेड हुती."

मॅडमनी सही खोडली. का कुणास ठाऊक, त्यानंतर बराच वेळ त्यांची मान आत होती.

वर्ष संपलं. निकाल लागला. तान्हूबाईच्या नावापुढे शून्य तास, अनुत्तीर्ण. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की अशा विद्यार्थ्याला दीक्षांत समारंभापर्यंत, म्हणजे आणखी एक महिना, तास भरायची मुभा आहे. पण तिच्याकडे येणार कोण? तिचे क्लायंट सगळे ठणठणीत होते. ती तळ्यावर गेली आणि मुकाट्यानं पाण्यात बसली. साळिंदराची वाट बघणंही तिनं सोडलं होतं.

आणि इथे, मुलांनो, बारीक अक्षरातली दुसरी ओळ कामाला आली.

ती ओळ अशी होती: पदवी घेण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतः क्लायंट होऊन दहा तास बसलं पाहिजे. नियम चांगला होता. म्हणूनच तो कुणी वाचला नव्हता.

नऊही विद्यार्थ्यांची तारांबळ उडाली. त्यांनी ठरवलं, आपण एकमेकांसमोर बसू, दोघांचेही तास भरतील. बगळा मुंगसासमोर उभा राहिला.

"तुम्हाला काय वाटतंय?" बगळ्यानं विचारलं.

"मला काय वाटतंय असं तुम्हाला वाटतं?" मुंगूस म्हणालं.

"असं तुम्ही विचारता तेव्हा तुमच्या मनात काय येतं?"

"माझ्या मनात," मुंगूस म्हणालं आणि त्यानं मान हलवली. बगळ्यानंही हलवली. पन्नास मिनिटं अशीच गेली. मॅडमनी सही द्यायला नकार दिला. "कुणी काही सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "दोघंही ऐकत होतात."

तेव्हा बगळ्याला तळं आठवलं. तान्हूबाई अजून विद्यार्थिनी होती. तिला ऐकायची परवानगी होती.

तो आला आणि सवयीनं एका पायावर उभा राहिला. पुढचं आपल्याला कळतं, कारण नंतर त्यानं स्वतःच यावर शोधनिबंध वाचला.

"मला तसं काही झालेलं नाही," बगळा म्हणाला. "फक्त औपचारिकता आहे."

"बरं," तान्हूबाई म्हणाली आणि रवंथ करायला लागली.

बगळा गप्प राहिला. तीही गप्प. तिच्या गप्प राहण्यात मान हलवणं नव्हतं, डोळे बारीक करणं नव्हतं. ती नुसती तिथे होती. बगळ्याला ते सोसेना.

"मला सुवर्णपदक मिळणार आहे," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही." त्यानं दुसरा पाय खाली टेकला. "मावशी, ते साळिंदर रोज येतं. रोज तेच सांगतं. मी डोळे मिटतो आणि माशांचा विचार करतो. त्याला बरं वाटलं तर माझे तास थांबतील, याची मला भीती वाटते. आणि त्याला कधीच बरं वाटलं नाही तर, याची तर त्याहून जास्त वाटते."

"मग रं?"

आता ससा असता तर इथे उठला असता. पण बगळा शिकलेला होता. शिकलेल्याचं दुःख सांगून संपत नाही. त्यानं आधी दुःख सांगितलं, मग त्या दुःखाचा प्रकार सांगितला, मग ते सांगताना आपल्याला काय वाटलं ते सांगितलं, आणि त्यावर वेगवेगळ्या पंडितांची मतं. पन्नास मिनिटं झाली. शंभर झाली. ऊन उतरलं.

"उद्या येऊ?" बगळ्यानं विचारलं.

"ये की."

दुसऱ्या दिवशी मुंगूस आलं. त्याच्या मागे मोर. आठवड्याभरात नऊही जण रांगेत उभे. एकही पन्नास मिनिटांच्या आत उठेना. नऊ दाहे नव्वद. तान्हूबाईला वाटायचं, ही बिचारी कधी मोकळी व्हायची? पण तास भरत होते. सह्या होत होत्या.

समारंभाला चार दिवस राहिले आणि दहा तास कमी पडत होते. तेव्हा एका सकाळी काठावरची एक ढाल हळूहळू तळ्याकडे सरकताना दिसली. कासवमॅडम होत्या. मान आत.

"नियमात प्राध्यापक बसतात का, ते मी बघून आले," आतून आवाज आला. "बसतात."

दर दिवशी मॅडम अडीच तास बसायच्या. तिसऱ्या दिवशी मान बाहेर आली. त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. तान्हूबाईनं ते कुणाला सांगितलं नाही. ऐकलेलं पोटात ठेवायचं, अभ्यासक्रमाचा तेवढा भाग तिचा आधीच झालेला होता.

दीक्षांत समारंभ थाटात झाला. सिंहानं भाषण केलं. ते मी गाळतो, त्यानंही पाठ केलेलं होतं. शुभ्रकांत बगळ्याला एकाच क्लायंटबरोबर सर्वाधिक तास भरल्याबद्दल सुवर्णपदक. तान्हूबाईला तृतीय श्रेणी. वडाच्या पानावर लिहिलेल्या तिच्या प्रमाणपत्रात शेरा होता: क्लायंट टिकवून ठेवण्याची क्षमता कमी.

तिनं ते पान दोन्ही बाजूंनी पाहिलं. हिरवंगार होतं, कोवळं होतं. तिनं खाऊन टाकलं.

सिंह दचकला. "अहो, ते दर्शनी भागात लावायचं असतं. तपासणीला आलं कुणी तर?"

"मग वर आणून दावीन की," तान्हूबाई म्हणाली. "म्हैस हाय मी. म्हातारी झाली तरी खाल्लेलं परत वर येतं."

माकड अजूनही महिन्यातून एकदा तपासणीला येतं. तान्हूबाई तोंड उघडून दाखवते. माकड लांबूनच टिपून घेतं, "प्रमाणपत्र पाहिलं", आणि जातं.

समारंभाच्याच दुपारी साळिंदर तळ्यावर आलं. काठावर थबकलं. कुणी हटकलं नाही. ते पाण्यात उतरलं आणि तान्हूबाईच्या पाठीला टेकलं.

"किती दिसांनी आलास रं," ती म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता. पाण्यात बसल्यामुळे असेल.

"मावशी, टोचतंय का?"

"वाईच वर. हां, तितंच."

वीस मिनिटांनी ते उठलं आणि चालताना चक्क शीळ घालत होतं. बगळा पलीकडच्या काठावरून बघत होता. त्याचा दोनशे बारा तासांचा क्लायंट असा वीस मिनिटांत बरा होऊन निघाला होता. तो धावत साळिंदराला आडवा आला.

"तिनं नेमकं काय केलं?" त्यानं वही काढत विचारलं.

"काही नाही," साळिंदर म्हणालं. "जवळ बसली."

बगळ्यानं ते लिहून घेतलं. शेवटचे दोन शब्द त्यानं तोंडातल्या तोंडात परत म्हणून पाहिले. मग वही मिटून तो साळिंदराकडे एक पाऊल सरकला. आता अंतर अकरा हात होतं. नवशिक्याच्या मानानं हे वाईट नाही.

तात्पर्य: कुणाचंही दुःख वीस मिनिटांत हलकं करू नये, त्यानं शिक्षण अपुरं राहतं. तशी खोड असलीच, तर गिऱ्हाइकं पदवीधरांतून निवडावीत. त्यांची दुःखं टिकाऊ असतात.